मांडीखाली दाबलेले हात

आमच्या तांबटाच्या घरात लेकरू जन्मलं की त्याचे कान तपासायची एक रीत होती, आणि त्या तपासणीत आजवर कोणी नापास झालं नव्हतं. पाचवीच्या दिवशी बाळबाळंतिणीची न्हाणी उरकली की आबाजी, म्हणजे माझे आजोबा, धुतलेलं धोतर नेसून बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसायचे. मांडीवर कांस्याची नवीकोरी थाळी, हातात लाकडी मोगरी. सुईण बाळाला सुपात घालून समोर ठेवायची आणि आबाजी थाळीवर ठोका द्यायचे. बाळ दचकलं की "कान आले" असं जाहीर व्हायचं आणि गल्लीत गूळखोबरं वाटलं जायचं. यातली गोम अशी, की बाळ दचकलं नाही तर दुसरा ठोका द्यायचा, तरी नाही तर आणखी एक, असं ते हलेपर्यंत वाजवत राहायचं. आता सुपात उघडं ठेवलेलं लेकरू कधी ना कधी हातपाय झाडणारच की नाही? पण एवढा विचार आमच्याकडे कोण करतो! माझी धाकटी बहीण शेवंता हिच्या पाचवीला थाळी बराच वेळ वाजत होती एवढं मला आठवतं. शेजारच्या काकूने हसून म्हटलं, पोट्टी भलती झोपाळू दिसते. मग शेवंताने एकदाची जांभई दिली, मूठ वर केली, आणि तिचेही कान आले. मी गुळाचा खडा गालात धरून खेळायला पळाले.

हे सगळं आज या वयात आठवायचं कारण माझी नात. माझा मुलगा जवाहरनगरला फॅक्टरीत आहे, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतो. नात झाली तेव्हा दवाखान्यातून सोडायच्या आधी एक पोरगी आली, गळ्यात ओळखपत्र, हातात फोनसारखं यंत्र. झोपलेल्या बाळाच्या कानात तिने शेंगदाण्याएवढं रबरी बोंडूक अलगद बसवलं आणि यंत्राकडे बघत उभी राहिली. बाळ झोपलेलंच हवं म्हणे, रडलं तर तपासणी होत नाही. मला हसू आलं, कारण आमच्याकडे सगळी खटपट बाळाला उठवायची होती. यंत्राने एका कानाला नाही म्हटलं. दुसऱ्यालाही नाहीच म्हटलं. ती पोरगी म्हणाली, घाबरू नका आजी, पुष्कळ बाळांच्या कानात आधी पाणी असतं, थोड्या दिवसांनी पुन्हा बघू. सून बिचारी बरं म्हणाली. पण मला ते पटलं नाही, आणि का पटलं नाही ते सांगायचं तर मला आमच्या गल्लीत परत जावं लागतं.

भंडाऱ्यात आमच्या गल्लीत सकाळी चूल पेटायच्या आधी भट्टी पेटायची. घराच्या पुढच्या लांब पडवीला आम्ही कारखाना म्हणायचो. तिथे बाबा आणि माझे दोन काका ओळीने बसून पितळ ठोकायचे. समोरच्या घरात भाऊबंद, बाजूच्या घरात भाऊबंद, सगळ्यांच्या ऐरणी चालू. घागरी, गुंड, पराती, गंगाळं. तयार भांड्यावर हलक्या हाताने एकसारखे ठोके द्यायचे त्याला मठारणं म्हणतात, आणि बाबांच्या मठारण्याला पार तुमसरपर्यंत नाव होतं. माझी माय सिहोऱ्याकडची, धानाच्या बांध्यांतून वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही महिने ती कानात कापूस घालून स्वयंपाक करायची असं ती सांगे. मग एक दिवस कापूस घालायचा राहून गेला आणि तिच्या लक्षातही आलं नाही. आम्ही सगळेच ओरडून बोलायचो. पाहुण्यांना वाटे यांच्यात भांडण जुंपलं, आणि आम्ही आपलं भात आणखी वाढू का विचारत असू. हळू बोलणाऱ्या माणसाचा आम्हाला संशय यायचा. बाबांना तर तिशीतच कमी ऐकू यायला लागलं होतं. गल्लीतल्या सगळ्याच कर्त्या माणसांचं तसंच होतं, त्यामुळे त्याला कोणी आजार समजत नसे.

कारखान्यात तोंडाने बोलण्यात अर्थच नव्हता. तिथे सगळं बोलणं हातांनी चाले. तळवा उलटा केला की भांडं फिरव, दोन बोटं जुळवली की सांडशी दे, मनगट झटकलं की भाता जोरात. बाबा आणि काका दिवसभर असं बोलत, थट्टाही करत. गिऱ्हाईक नडलं तर त्याच्यासमोर त्याच्याबद्दलच बोलत, आणि त्या भल्या माणसाला पत्ता लागत नसे. शेवंताची झोळी याच पडवीच्या आढ्याला टांगलेली होती. खाली ठोकाठोक आणि वर हे लेकरू गाढ झोपलेलं. येणारा जाणारा कौतुक करायचा, खरी तांबटाची पोट्टी, आवाजाले भीतच नाही. बाबांची छाती फुगायची. रांगायला लागली तशी ती सरळ बाबांकडे जायची आणि ऐरणीच्या लाकडी ठोकळ्याला दोन्ही हात लावून बसायची. ठोका पडला की खुदकन हसायची. मागून बोलवायचं तर बाबा पाय आपटत, की ती वळून बघे. फरशी हादरायची म्हणून ती वळते, हे कोणाच्या डोक्यात येणार?

ती बोलत नव्हती, हे खरं. पण बाबाही म्हणे उशिरा बोलले होते, आणि शेवंताचं काही अडतही नव्हतं. तिचं आणि बाबांचं हातांचं बोलणं इतकं वाढत गेलं की काकांनाही सगळं कळेना. कामाच्या खुणा जुन्या होत्या, पण या दोघांनी त्यात स्वतःची भर घातली. माय म्हणजे नथ, मी म्हणजे ओढलेली वेणी, आबाजी म्हणजे मिशीला पीळ. त्यापुढे बैल, पाऊस, खोटं बोलतो, पोट दुखते, काल, उद्या, कोणाची तरी बायको रुसली, काय काय. बाबा तिला गोष्टी सांगत. हातोडा बाजूला ठेवून, पाणी पिण्याच्या निमित्ताने, भराभरा हात चालवत आणि ती तोंड उघडं टाकून बघत बसे. मला थोडंफार कळायचं, जेवणाचं आणि भांडणाचं. मला कान होते, मला त्याची गरज पडली नाही. मायने कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या तळायला घेतल्या की वास सगळ्यात आधी शेवंताला लागायचा. ती धावत कारखान्यात जाऊन हातांनी खबर द्यायची आणि तिन्ही हातोडे एकदम थांबायचे. लाखोळीच्या डाळीचं वरण, भात आणि त्या वड्या. बाबा पहिली वडी तिच्या हातावर ठेवत. मला तेव्हा तिचा हेवा वाटायचा, ते सांगायला आता काय हरकत आहे.

शेवंता चारेक वर्षांची असताना आबाजी वारले. गल्लीत सगळे एकाच कुळातले, म्हणून सगळ्या घरांना सुतक. सुतकात ठोकायचं नाही हा आमचा नियम. भट्ट्या विझल्या. जन्मात पहिल्यांदा मी ती गल्ली गप्प झालेली ऐकली. चिमण्या इतक्या बोलतात हे मला माहीत नव्हतं. स्वयंपाकातही फोडणी नाही, त्यामुळे चूलसुद्धा मुकी. आम्ही सवयीने ओरडून बोलायचो आणि आपल्याच आवाजाला दचकून गप्प बसायचो. दुखवट्याला सिहोऱ्याहून माझी मावशी आली होती. ती शांत गावातली बाई, तिचे कान जागे होते. दुपारी अंगणात शेवंता पाठमोरी बसून मातीत रेघोट्या ओढत होती. मावशीने ओसरीवरून तिला लाह्या खायला हाक मारली. एकदा, दोनदा. मग मावशी मायकडे वळून हळूच म्हणाली, "बाई, हे पोट्टी आयकून नाही राहिली व."

माय म्हणाली, तिले खेळाची धुंद राहते. पण बोलता बोलताच तिचा चेहरा बदलला. ती ओसरीवरून उतरली. तिने हाक मारली, "शेवंता". मग दोन पावलं पुढे जाऊन हाक मारली. मग लाडाने, मग रागावून, मग अगदी पाठीशी वाकून. त्या शांततेत ती हाक समोरच्या घरापर्यंत गेली, तिथल्या बाया दारात आल्या. शेवंता रेघोट्या ओढत होती. मायची सावली तिच्या हातावर पडली तेव्हा तिने वर बघितलं आणि नेहमीसारखं गोड हसली. माय तिथेच मातीत खाली बसली. काकूने बाबांना बोलावून आणलं. बाबांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले, आत गेले आणि एक मोठी परात आणि हातोडा घेऊन बाहेर आले. धाकटे काका म्हणाले, "दादा, सुतक हाय." बाबांनी ऐकलं नाही, किंवा त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी शेवंताच्या मागे उभं राहून परात एका हाताने वर धरली आणि अंगातलं सगळं बळ लावून ठोका दिला. आम्ही पोरांनी कान झाकले. झाडावरचे पक्षी उडाले. शेवंता त्या उडालेल्या पक्ष्यांकडे बोट दाखवून बाबांना सांगायला वळली, की बघा, सगळे एकदम उडाले.

सुतक फिटल्यावर बाबा आणि माय तिला एसटीने नागपूरला घेऊन गेले, मलाही नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, इतकी मोठी होईपर्यंत तुम्हाला कळलं कसं नाही? माय मान खाली घालून बसली. बाबा म्हणाले, "साहेब, आमच्या घरी कोनालेच नीट आयकू येत नाही." डॉक्टर क्षणभर हसले आणि मग हसले नाहीत. जन्मल्यावर लगेच कळलं असतं तर यंत्र लावून पुष्कळ करता आलं असतं, असं ते म्हणाले. पहिली वर्षंच बोलणं शिकायची असतात, ती निघून गेली. पुढे कितीतरी वर्षं माय कोणाचंही नवं बाळ बघायला गेली की त्याच्या कानामागे चुटकी वाजवायची. लोकांना ते अपशकुनी वाटे. काही घरांनी तिला बारशाला बोलवणं सोडलं, तरी तिने चुटकी वाजवणं सोडलं नाही.

पुढे शेवंताला नागपूरला बहिऱ्या-मुक्या मुलांच्या शाळेत घातलं, तिथल्याच वसतिगृहात. त्या काळी शब्द असेच होते, मीही तेच लिहिते. निरोप देताना तिथल्या बाईंनी माय-बाबांना समोर बसवून नीट समजावलं. बाई चांगल्या होत्या, आमच्याशी मायेने बोलल्या. त्या म्हणाल्या, हिला बोलायला शिकवायचं असेल तर घरी हातवारे पूर्ण बंद करा. हातांनी काम भागलं तर ही तोंड उघडणारच नाही. तुम्ही फक्त तोंडाने बोला, हिला ओठ वाचू द्या. एकदा जरी हात चालवला तरी आमची मेहनत वाया जाते. तेव्हा सगळीकडे असंच शिकवत, हे मला फार नंतर कळलं. माय परतीच्या एसटीतच म्हणाली की, मले नाही जमनार, लेकरू तहानलं तर मी पानी दाखवीन. पण बाबा तांबट होते. आमच्या धंद्यात ज्याच्याकडे काम शिकायला बसलं त्या उस्तादाच्या शब्दाबाहेर जायचं नाही. त्याने भांडं धर म्हटलं तर हात भाजला तरी धरायचं, का ते विचारायचं नाही, पुढे आपोआप कळतं. बाबा स्वतः असंच काम शिकले होते. ते मायला म्हणाले, "त्या बाई तिच्या उस्ताद हायेत. आपल्याले त्यातलं काय समजते?"

शेवंता पहिल्यांदा घरी आली ती दिवाळीच्या सुट्टीत. घरात अनारशांचं पीठ भिजलेलं, चिंचेने घासलेली भांडी अंगणात उन्हाला मांडलेली. काका तिला नागपूरहून घेऊन आले. तिने मायला मिठी मारली, माझी वेणी ओढली आणि पायातल्या चपला न काढता कारखान्यात धावली. बाबा गंगाळ मठारत बसले होते. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि तिचे हात सुरू झाले. इतके दिवस साठवलेलं सगळं. बस, मोठी खोली, ओळीने खाटा, एक उंदीर, एक जाडी पोरगी, कोणीतरी रडलं, कोणीतरी मारलं. हात इतक्या जोरात चालत होते की ती मध्येच धापा टाकत होती. बाबांनी हातोडा खाली ठेवला. पंच्याने दोन्ही हात पुसले. आणि ते दोन्ही हात त्यांनी मांडीखाली घातले आणि त्यावर बसले. मग मान पुढे करून, ओठ मोठे मोठे हलवत म्हणाले, "बेटी, बोल. तोंडानं बोल."

शेवंताला वाटलं त्यांच्या हातांना काही झालं. तिने त्यांच्या मांडीखालून एक हात ओढून काढला. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, बोटं एकेक वाकवून बघितली. मग दुसरा काढला. हात धडधाकट होते. तिने ते दोन्ही हात त्यांच्यासमोर हवेत नीट धरून ठेवले आणि सोडले, आणि वाट बघत बसली. बाबांनी हात परत मांडीखाली घातले. मी दारात उभी होते. काका उठून बाहेर गेले. शेवंता आणखी थोडा वेळ बसली, त्यांच्या तोंडाकडे नाही, मांडीकडे बघत. मग ती उठून मायकडे गेली आणि चुलीपाशी जाऊन बसली. मायने तिच्या हातावर अनारसा ठेवला, तो तिने धरून ठेवला, खाल्ला नाही.

त्या सुट्टीत बाबा सकाळी लवकर हातोडा हातात घेत आणि जेवायला बसेपर्यंत खाली ठेवत नसत. हात रिकामे राहिले तर ते चालतील अशी त्यांना भीती वाटायची. मायने एकदा चिडून म्हटलं, लेकराचा जीव घेता का, हातानं दोन खुना केल्या तर काय आभाळ कोसळते? तर बाबा म्हणाले, तिले बोलता आलं पाहिजे, उद्या मी नसन तं तिच्याशी हातानं कोन बोलनार हाय? माय आणि मी चोरून खुणा करायचो. बाबांनी कधीच केली नाही. शेवंता हळूहळू कारखान्यात जायची बंद झाली. पुढच्या सुट्ट्यांत ती पडवी ओलांडतानासुद्धा बाबांकडे न बघता जायची. एका वर्षी तिने दारात उभं राहून, शाळेत शिकवलं तसं गळ्याला हात लावून, "बा-बा" असं म्हटलं. आवाज जाडा आणि घशातून आलेला होता, पण शब्द स्पष्ट होता. मी आनंदाने ओरडले. बाबांनी मान वर केली ती माझ्या ओरडण्याने. शेवंताचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मी सांगितलं तेव्हा त्यांनी मला, तिला पुन्हा म्हणायला लाव, असं सांगितलं, पण तोवर ती आत निघून गेली होती. त्या दिवशी बाबा मागच्या परसात जाऊन रडले. मी त्यांना रडताना एवढं एकदाच पाहिलं.

शेवंताचं पुढे वाईट झालं असं कोणी समजू नये. मला तसली कीव आवडत नाही, तिला तर मुळीच नाही. बाईंची पाठ वळली की वसतिगृहातल्या पोरी हातांनीच बोलायच्या, आणि ती भाषा ती पोटभर शिकली. शिवणकाम शिकली, तिच्यासारख्याच ऐकू न येणाऱ्या एका भल्या माणसाशी तिचं लग्न झालं, नागपुरात संसार आहे, पोरं शिकली. तोंडाने बोलता येणारे शब्द मात्र मूठभरच राहिले आणि तेही तिने लग्नानंतर सोडून दिले. लोक वळून बघतात म्हणाली. मला तिची भाषा तिनेच शिकवली, जमेल तेवढी, आणि आता मोबाईलवर चेहरे बघून आम्ही दोघी तासन्‌तास बोलतो. माझी सून म्हणते, आई, तुम्ही नागपूरच्या मावशींशी बोलायला लागलात की भाजी करपते.

बाबा शेवटच्या दुखण्यात पडले तेव्हा त्यांना अजिबात ऐकू येत नव्हतं. शेवंता आठवडाभर येऊन राहिली. हातोडा कधीच सुटला होता, शाळाही कधीच संपली होती, आता त्यांना कोण अडवणार होतं? एका सकाळी त्यांनी गोधडीतून हात बाहेर काढले आणि तिच्याशी बोलायला लागले. त्या जुन्या खुणाच होत्या, मनगट, बोटं, तळवा, भराभरा. बराच वेळ बोलले. शेवंता डोळे ताणून बघत राहिली आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. तिच्या हातांत आता वसतिगृहाची भाषा होती, त्यांच्या हातांत कारखान्याची. ती मला विचारत होती, काय म्हणतात? मला नथ कळली, वेणी कळली, बैल कळला. बाकी काही कळलं नाही. माय आणि दोन्ही काका तोवर राहिले नव्हते. दोन दिवसांनी बाबा गेले. ते काय बोलले ते सांगणारं कोणी उरलं नाही, आणि याचं दुःख माझ्या मनातून जात नाही.

तर माझी नात. दुसऱ्या वेळी यंत्राने पुन्हा दोन्ही कानांना नाही म्हटलं. मग नागपूरला पाठवलं, तिथे बाळाला निजवून डोक्याला तारा लावून मोठी तपासणी झाली. त्या दिवशी शेवंता आमच्यासोबत होती, दवाखाना तिच्या घराजवळच. बाळाच्या आईबापाबरोबर आम्हालाही आत बसवलं. कानाच्या डॉक्टर म्हणजे तरुण बाई होत्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं, बाळाला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. सुनेने बाळाला छातीशी घट्ट धरलं. माझ्या मुलाने विचारलं, उशीर झाला का? बाई म्हणाल्या, नाही हो, अगदी वेळेवर आलात. काही आठवड्यांत यंत्र लावू, पुढे गरज पडली तर ऑपरेशन आहे. पण तोवर वाट बघत बसू नका, आजपासून बाळाशी भरपूर बोला. तोंडाने बोला, चेहऱ्याने बोला, हातांनी बोला. हात अजिबात आवरू नका. मग शेवंताकडे बघून त्या म्हणाल्या, घरात या मावशी आहेत हे तर बाळाचं नशीबच. पूर्वी आमच्याकडे चुकीचं शिकवायचे, आईबापांना हात बंद ठेवायला सांगायचे.

मी हे सगळं शेवंताला हातांनी सांगत होते. शेवटच्या वाक्याशी तिने माझा हात धरला. पुन्हा सांग म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. बाहेर बाकावर आल्यावर तिने विचारलं, माझ्या शाळेतही असं सांगायचे? मी म्हटलं, हो तर, तुला सोडायला गेलो तेव्हाच सांगितलं होतं, मी तिथेच होते. तिने विचारलं, बाबांना? मी म्हटलं, बाबांनाच. तिच्याकडे बघता बघता माझ्या ध्यानात आलं, की ही गोष्ट तिला कोणी कधी सांगितलीच नव्हती. तेव्हा सांगणार कसं, ती एवढीशी, आणि सांगायला हातच वापरायचे नव्हते. नंतर आम्हाला सगळ्यांना वाटलं, तिला माहीत असणार. माय तसंच समजत गेली, बाबा तसेच समजत गेले. माझी बहीण साठीला आली होती.

तिने आपल्या हातांकडे बघितलं. मग तिने ते उचलले. तिच्या हातांचं बोलणं मी आमच्या घरच्या बोलीत लिहिते, कारण मला ते तसंच ऐकू येतं. ती म्हणाली, "मले वाटे, मी बहिरी निघाली म्हनून बाबानं माह्याशी बोलनं सोडलं."